तीन महिन्यांची फळी

टेकचंदभाऊ पटल्यांच्या दुकानात मोड घालायला गेलेलं गिऱ्हाईक लवकर सुटत नसे. गोंदियाच्या बाजारात भांड्यांच्या ओळीतलं त्यांचं दुकान शेवटून दुसरं. घरचं जुनं पितळ-तांबं द्यायचं, वजन करायचं आणि त्या बदल्यात स्टीलचा डबा नाहीतर कुकर न्यायचा, एवढाच व्यवहार. शेजारच्या दुकानांत तो पाच मिनिटांत उरके. टेकचंदभाऊ मात्र भांडं आधी मांडीवर घेत, काठावर नख मारून कान लावत आणि मग विचारत, "कोणाचं होतं?"

किती जुनं, कुठून घेतलं, हे ते कधी विचारत नसत. कोणाचं होतं, एवढंच.

"सासूचं होतं," असं काहीतरी उत्तर येई. मग ते कागदाच्या चिठ्ठीवर नाव-गाव लिहून चिठ्ठी भांड्यात टाकत आणि भांडं मागच्या खोलीतल्या लाकडी फळीवर ठेवत. तिथं ते तीन महिने राही. त्याआधी कुठलीही मोड भट्टीला जायची नाही, हा त्यांचा नियम.

"घरचं भांडं आहे, मॅडम," ते मला म्हणाले होते. "माणसाचं मन पलटते. भट्टीत गेलेलं पलटत नाही."

मी तेव्हा गोंदियाच्या एका शाळेत इंग्रजी शिकवत होते आणि त्यांच्या दुकानासमोरच्या माडीवर भाड्यानं राहत होते. संध्याकाळी वह्या तपासून झाल्या की खाली उतरून त्यांच्या दुकानात चहाला बसायचे. त्यांच्या अंगात अर्ध्या बाह्यांचा पांढरा सदरा, बोटं पितळ घासायच्या चिंचेच्या कोळानं कायमची काळपट. गिऱ्हाइकाशी हिंदी नाहीतर त्याची बोली, घरात पोवारी, आणि माझ्याशी ते स्वतःला शुद्ध वाटेल अशी मराठी बोलत.

एकदा तिरोड्याहून एक म्हातारी आली. दोन महिन्यांपूर्वी तिनं नवऱ्याचा तांब्या मोडीत घालून डबा नेला होता. ती पायरीवर उभी राहिली, पण तिला बोलता येईना. टेकचंदभाऊ आत गेले, चिठ्ठ्या पाहिल्या आणि तांब्या आणून तिच्या हातात दिला. तिनं पिशवीतून डबा काढला. त्याला आतून हळद लागलेली होती.

"राहू द्या," ते म्हणाले. "त्यात लोणचं ठेवा."

वर जिन्यावर कौसल्यावहिनी, त्यांची बायको, हे ऐकत होत्या. म्हणाल्या, "असाच धंदा केला तर एक दिवस आपलीच भांडी मोडीत घालावी लागतील."

"घालू ना," टेकचंदभाऊ म्हणाले. "आपल्याच फळीवर ठेवू."

तीन महिने उलटूनही जे न्यायला कोणी यायचं नाही आणि जे भट्टीत टाकायला त्यांचा हात धजायचा नाही, त्याच्या धातूचे पैसे स्वतःच्या खिशातून गल्ल्यात टाकून ती वस्तू ते कपाटात ठेवत. चाळीस वर्षांत तिथं काय काय जमलं होतं! मालगुजाराच्या कारकुनाचं कलमदान, चुन्याच्या डब्या, हत्तीसारखे पाय असलेली, अडकित्ते ठेवायची पेटी. प्रत्येकात चिठ्ठी.

या कपाटाला मुंबईची वाट मी दाखवली. हे लपवण्यात अर्थ नाही.

जुन्या वस्तूंचा लिलाव करणारी एक कंपनी मी मोबाइलवर पाहिली होती. तिथं तसंच एक कलमदान विकायला ठेवलेलं मी त्यांना दाखवलं. त्यांनी मोबाइल दोन्ही हातांनी धरला. "हे तर आपल्याकडे आहे," म्हणाले, "आणि आपलं याच्याहून चांगलं आहे." मग फोटो काढणं, मेल लिहिणं, अर्ज भरणं माझ्याकडे आलं. मी टाइप करत असताना ते उभे राहत. बसा म्हटलं तर म्हणत, "मोठ्या लोकांना पत्र चाललं आहे, बसून कसं चालेल?"

कलमदान त्यांनी तणसात गुंडाळून पाठवलं. कंपनीची मेल आली, कृपया गवत वापरू नये. ते दोन दिवस ओशाळले होते.

पुढे कलमदान विकलं गेलं आणि छापील कॅटलॉग घरी आला. पैसे किती मिळाले ते त्यांनी मला सांगितलं नाही. कॅटलॉग उघडून दाखवला. "पहा. नाव छापलं. गाव छापलं. लग्नपत्रिकेत छापतात तसं." कारकुनाचं नाव त्यांच्या चिठ्ठीवरून जसंच्या तसं घेतलं होतं. फोटो मात्र लहान होता, एका पानावर चार वस्तू. काही वस्तूंना अख्खं पान होतं. ती पानं ते पुन्हा पुन्हा उलटून पाहत.

तोवर भांड्यांचा धंदा उतरला होता. लोक स्टीलसुद्धा फोनवरून मागवू लागले होते. तरी मला खात्रीनं वाटतं, पुढं जे झालं ते पैशाच्या हावेनं झालं नाही. त्यांना ते अख्खं पान हवं होतं.

एका हिवाळ्यात देवरीकडच्या जंगलातल्या एका गावाहून बुधराम मडावी नावाचा चाळिशीतला माणूस पोत्यात एक दिवा घेऊन आला. मी दुकानातच होते. बस्तरच्या घडव्यांच्या, म्हणजे पितळ ओतणाऱ्या कारागिरांच्या, हातचं काम. हातभर उंच, वर पसरट वाटी, वाटीला धरून बसलेले चार मोर, अंगावर सुतासारखी नक्षी. टेकचंदभाऊंनी नख मारलं, कान लावला आणि बराच वेळ कान काढला नाही. मग दिवा उलटा केला. तळाशी, धातूत उमटलेला एक अंगठ्याचा ठसा होता, चिंचोक्याएवढा. आधी मेणाचा दिवा करतात, त्यावर माती लिंपून पितळ ओततात. मेणावर कुणाचा तरी अंगठा पडला होता आणि तो पितळेत राहून गेला होता.

"कोणाचं होतं?"

"घरचंच आहे. बापाले दवाखान्यात आनलो, पैशे लागून राहिले."

"मायले माहीत आहे?"

"आहे ना," बुधराम म्हणाला, पण त्यांच्याकडे न पाहता.

टेकचंदभाऊंनी त्याला मोडीच्या कितीतरी पट पैसे दिले. त्याच रात्री मुंबईला फोटो गेले. उत्तर तडक आलं: वस्तू उत्तम, शंभर वर्षांच्या आतली, म्हणून सरकारी नोंदणीची अडचण नाही. अंगठ्याचा ठसा फार दुर्मीळ. पूर्ण पान देऊ. पण कॅटलॉग दहा दिवसांत बंद होतोय.

मी विचारलं, "भाऊ, आणि तीन महिने?"

त्यांनी दिव्याकडे पाहिलं. "कॅटलॉग थांबत नाही ना, मॅडम. आणि तो म्हणाला, मायले माहीत आहे."

करारनाम्यातली कलमं मीच त्यांना मराठीत वाचून दाखवली. कॅटलॉग छापल्यावर वस्तू मागं घेता येणार नाही, हेही वाचलं. त्यांनी मान हलवली आणि सही केली. आठव्या दिवशी दिवा गेला.

माय आली ती महिन्याभरानं. सुकवारोबाई. पहाटेच्या बसनं निघून दुपारी पोचली होती. दुकानाच्या पायरीवर बसली, पदरानं तोंड पुसलं आणि म्हणाली, "भाऊ, माहा दिवा दे."

टेकचंदभाऊंना कळायला क्षण लागला. मग ते जिथं होते तिथं, वजनकाट्याजवळ, खाली बसले.

"माय, तुमच्या पोरानं सांगितलं..."

"पोरानं चोरून आनला. मी पोरीकडं होतो. आल्यावर पाहातो तं कोनाडा खाली." आवाज चढलेला नव्हता. "आमच्या घरी कोनी गेला की तोच दिवा लागते. माह्या सासऱ्याचा लागला, सासूचा लागला. आता बुढा खाटेवर आहे. डाक्टर म्हनला, घरी न्या. बुढा रोज पुसते, दिवा कुठी आहे. मी सांगतो, घासाले दिला."

"किती दिवस म्हणाले डॉक्टर?"

"डाक्टर काय सांगते? महिना म्हनते, दोन म्हनते." मग ती म्हणाली, "बुढ्याच्या बापानं घडव्याले आंगनात बसवून करून घेतला होता. हा तवा लहान होता. मेनाले हात लावला म्हनून मार खाल्ला. बुडाले आंगठा आहे ना, तो बुढ्याचाच आहे."

टेकचंदभाऊंनी माझ्याकडे पाहिलं. तो ठसा कॅटलॉगमध्ये वेगळा फोटो काढून छापला होता, मोठा करून.

त्या दिवसापासून आम्ही मुंबईला मेल लिहिल्या, फोन केले. फोनवरची बाई फार नम्र होती. तिला वाईट वाटत होतं. पण कॅटलॉग लोकांच्या हातात गेलेला, बोली लावणाऱ्यांनी नावं नोंदवलेली. दंड घ्या म्हटलं, दुप्पट घ्या म्हटलं, तरी उत्तर तेच. राखीव किंमत, म्हणजे जिच्याखाली विकायचं नाही ती, वाढवा म्हटलं, तीही आता वाढत नव्हती. मग तुम्हीच बोली लावून परत घ्या, असं मी टेकचंदभाऊंना सुचवलं. पण विकणाऱ्यानं आपल्याच वस्तूवर बोली लावायची नाही, हेही कलम होतं. माझ्या नावानं लावू का, मी विचारलं.

"म्हणजे खोटं नाव," ते म्हणाले. तेवढ्यावर विषय संपला. तेव्हा मी जोर धरायला हवा होता, असं मला आजही वाटतं.

"कोणीच बोली नाही लावली तर?" त्यांनी विचारलं.

"तर परत येतो."

मग त्यांनी तीच आशा धरली. लिलावाच्या दुपारी मी शाळेतून अर्धी रजा घेतली. माझ्या खोलीत लॅपटॉपसमोर ते आणि कौसल्यावहिनी बसले होते. विकायला काढलेल्या वस्तूला गिऱ्हाईक मिळू नये म्हणून हात जोडून बसलेला माणूस मी पहिल्यांदाच पाहत होते. एकेक वस्तू येत होती. काही वस्तूंना खरंच कोणी विचारत नव्हतं. तसं झालं की ते म्हणत, "लोकांना आज काही नको आहे. चांगलं आहे."

दिवा आला. पडद्यावर तो दुकानात दिसला होता त्याहूनही देखणा दिसत होता. लिलाव पुकारणाऱ्यानं किंमत सांगितली. कोणी बोललं नाही. त्यानं पुन्हा सांगितली. टेकचंदभाऊंनी डोळे मिटले. वहिनींच्या ओठांवर देवाचं नाव चालू होतं. तेवढ्यात पडद्याच्या कोपऱ्यात एक आकडा उमटला. मग दुसरा.

"कोण आहे?" त्यांनी डोळे न उघडता विचारलं.

"दोघं आहेत."

दोघांचे तिघं झाले. एक जण थांबला, दोघं थांबेनात. पुकारणारा इंग्रजीत त्या अंगठ्याबद्दल काहीतरी कौतुकानं बोलला आणि आकडा पुन्हा वर गेला. वहिनी उठून खिडकीपाशी गेल्या. हातोडी पडली तेव्हा दिव्याची किंमत टेकचंदभाऊंच्या दुकानातल्या सगळ्या मालाहून जास्त झाली होती.

"गेला?"

"गेला, भाऊ."

ते उठले, चपला घालायचं विसरून जिना उतरले आणि बाजारातून तसेच अनवाणी चालत गेले. वहिनी म्हणाल्या, "जाऊ द्या. मी पाहते." चपला हातात घेऊन त्या मागोमाग गेल्या.

कंपनी विकत घेणाऱ्याचं नाव सांगत नाही. पत्र दिलंत तर पोचवू, म्हणाले. मी आयुष्यात इतकं मन लावून इंग्रजी लिहिलेलं नाही. मिळालेले सगळे पैसे परत, वर आमच्याकडून जे मागाल ते. दोन आठवड्यांनी दोन ओळींचं उत्तर आलं. खरेदीदाराला सहानुभूती आहे, पण वस्तू द्यायची त्यांची इच्छा नाही.

पैसे घेऊन टेकचंदभाऊ एकटेच त्या गावाला गेले. सुकवारोबाईनं पाकीट उघडलंसुद्धा नाही. "माह्या पोरानं इकला, तू घेतला, त्याईनं घेतला. मी याच्यात कुठी आहो? मले कायले पैशे?" त्या पैशांचं पुढं काय झालं, ते मी त्यांना कधी विचारलं नाही.

मग ते भंडाऱ्याच्या एका ओतकाम करणाऱ्या कारागिराकडे गेले. कॅटलॉगचं पान समोर ठेवून तस्साच दिवा करून मागितला. दहा दिवस तिथंच लॉजमध्ये राहिले. कारागिरानं विचारलं, तळाला अंगठा उठवून देऊ का, फोटोत स्पष्ट आहे.

"कोणाचा उठवशील?"

"माझाच. काय फरक पडतो?"

"राहू दे," टेकचंदभाऊ म्हणाले. "खोटा अंगठा मी लावणार नाही."

हे त्यांनी मला परत आल्यावर सांगितलं. खरं म्हणजे तो दिवाच खोटा होता. पण ते त्यांनाही माहीत असणार, म्हणून मी बोलले नाही.

"मॅडम, उद्या रविवार आहे," ते म्हणाले. "एकट्यानं जाववत नाही."

बसमधून उतरल्यावर कोसभर चालायचं होतं. रस्ताभर ते बोलले नाहीत. शेणानं सारवलेल्या अंगणात बुधराम लाकडं फोडत होता. आम्हाला पाहिल्यावर कुऱ्हाड ठेवून तो घरामागं निघून गेला. दारातच टेकचंदभाऊंनी सुकवारोबाईला सांगितलं, "माय, हा तो नाही. तसा करून आणला आहे. तुम्हीच ठरवा."

तिनं दिवा घेतला, सगळीकडून पाहिला. "बुढ्याले दिसत नाई आता," ती म्हणाली. "याले हात लावून तं निवांत होईल." पदराखाली धरून ती आत गेली. आम्ही मागं गेलो.

खाटेवर मंगरूबाबा, बुधरामचे वडील, म्हणजे नुसती हाडं होती. तिनं दिवा त्यांच्या छातीवर ठेवला. "घ्या. घासून आला."

म्हाताऱ्यानं मोरांवरून हात फिरवला. चेहरा सैल झाला. मला वाटलं, जमलं. मग त्यांनी दिवा हळूहळू आडवा केला आणि अंगठा तळाशी नेला. तिथं तो फिरत राहिला. एकदा, दोनदा, पुन्हा.

"हा आपला नोहोय."

त्यांनी दिवा छातीवरून बाजूला सरकवला.

"कोनाचा घेऊन आली?" त्यांनी बायकोला विचारलं. "त्याईच्या घरी कोनी मेला तं ते काय लावतीन? देऊन ये परत."

सुकवारोबाईनं तोंडात पदर कोंबला. तेव्हा टेकचंदभाऊ खाटेजवळ जमिनीवर बसले. "बाबा, तुमचा दिवा मी मुंबईला पाठवला. तुमच्या पोराची चूक नाही. मी तीन महिने ठेवतो सगळ्यांचं. तुमचं नाही ठेवलं."

म्हाताऱ्यानं तोंड छताकडे केलं. "कोन घेतला?"

"माहीत नाही, बाबा."

"लावते का तो?"

टेकचंदभाऊंना खोटं बोलता आलं असतं. तेवढं तरी त्यांनी बोलावं असं मला वाटत होतं. "नाही," ते म्हणाले. "काचेत ठेवला असेल."

"मंग इझला तो," म्हातारा म्हणाला आणि त्यानं तोंड भिंतीकडे फिरवलं.

परतीच्या बसमध्ये नवा दिवा टेकचंदभाऊंच्या मांडीवर होता. दुसऱ्याच दिवशी त्यांनी तो भट्टीला पाठवला.

नवव्या दिवशी बुधरामचा फोन आला. बुढा गेला. मातीच्या पणतीत वात लावली, असं त्यानं न विचारता सांगितलं. दिवसकार्याच्या जेवणाला या, असंही म्हणाला. त्याला ते मायनं सांगायला लावलं होतं.

त्या उन्हाळ्यात माझी बदली झाली. टेकचंदभाऊंनी दुकान दुसऱ्याला दिलं आणि ते वहिनींना घेऊन रायपूरला मुलीकडे गेले, असं नंतर कळलं. पुन्हा भेट झाली नाही. मी त्यांना शेवटचं नीट पाहिलं ते त्या जेवणाच्या पंगतीत.

मोहाच्या झाडाखाली पळसाच्या पत्रावळी मांडल्या होत्या. टेकचंदभाऊ ओळीच्या अगदी शेवटी बसले. त्यांच्याशी कोणी वाईट बोललं नाही, कोणी काही बोललंच नाही. भात वाढला, वरण वाढलं. सगळे जेवू लागले. त्यांचा हात भातावर होता, पण घास उचलला जात नव्हता.

सुकवारोबाई स्वतः वरणाची बादली घेऊन फिरत होती. त्यांच्यासमोर थांबली.

"खा."

"माय, उतरत नाही."

"उतरव," ती म्हणाली. "तू उपाशी गेला तं तेबी आमच्याच घरावर येईल. आनखी एक सोसाले बळ मी कुठून आनू?"

त्यांनी पहिला घास तोंडात घातला. तो गिळायला फार वेळ लागला. ती बादली घेऊन तिथंच उभी राहिली. दुसरा घास घेतला, तिसरा घेतला. पत्रावळ संपत आली तेव्हा तिनं वाकून आणखी भात वाढला आणि त्यावर वरण ओतलं. टेकचंदभाऊंनी मान वर केली नाही. तोही भात ते खाऊ लागले.